कालवांच्या राजाची मुलगी आणि भलताच नवरा: 'डी ऑस्टर्नप्रिन्झेसिन' (१९१९) बघायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही हौशी मंडळी अधूनमधून मूकपट दाखवतो. खेळ संपला की जिन्यात, पार्किंगमध्ये आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केले आहेत. शेवट फोडणारा प्रश्न बराच खाली ठेवलाय आणि तिथे तशी सूचनाही दिलीय.

सिनेमा कुणाचा, किती मोठा?

एर्न्स्ट लुबिचचा. जर्मनी, १९१९. चार अंकी, साधारण तासाभराचा. पटकथा हान्स क्रेली आणि लुबिच यांची, छायाचित्रण टेओडोर श्पारकूलचं, आणि ते अवाढव्य महाल उभे केले कुर्ट रिश्टरने. लुबिच तेव्हा २७ वर्षांचा होता. बर्लिनमधल्या शिंप्याचा मुलगा, माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत उमेदवारी करून सिनेमात आलेला. पुढे १९२२ च्या अखेरीस तो हॉलिवूडला गेला आणि तिथलाच झाला.

गोष्ट काय आहे?

मिस्टर क्वेकर हा अमेरिकेतला कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, राजा. इतका श्रीमंत की ओठातली सिगारसुद्धा स्वतः धरत नाही, त्यासाठी नोकर आहे. कालवांचा धंदा नेमका कसा चालतो हे सिनेमा सांगत नाही. पैसा आहे एवढं कळलं की पुरे.

या क्वेकरची मुलगी ओसी घर फोडत सुटलीय, कारण बूटपॉलिशच्या राजाच्या मुलीला काउंट नवरा मिळालाय. बाप विचारतो, वर्तमानपत्रं कशाला फेकतेस? उत्तर येतं, फुलदाण्या संपल्या म्हणून. मग तो तिला राजपुत्र विकत आणून द्यायचं कबूल करतो आणि मामला सेलिगझोन नावाच्या लग्नं जुळवणाऱ्याकडे जातो.

सेलिगझोनच्या यादीत राजपुत्र नुकीचं स्थळ आहे. किताब भारी, खिसा रिकामा, बिऱ्हाड कळकट खोलीत. बरोबर योझेफ: मित्रही तोच, नोकरही तोच. पाहुणा दारात आला म्हटल्यावर घरातल्याच सामानाचं सिंहासन रचून नुकी त्यावर विराजमान होतो. मुलगी बघायला मात्र स्वतः जात नाही, योझेफला पाठवतो. योझेफ महालात नुकीचं कार्ड देतो, ओसी त्यालाच राजपुत्र समजते आणि त्याला चार शब्द बोलायची उसंत मिळायच्या आत लग्न लागलेलं असतं.

एवढा मोठा घोटाळा कुणाच्याच लक्षात कसा येत नाही?

हा प्रश्न दर खेळानंतर येतो, आणि पुण्यात तो यायलाच हवा. आपल्याकडे स्थळ आलं की नुसत्या आडनावावर भागत नाही. जोशी म्हणजे कुठले जोशी, मूळचे कोकणातले की देशावरचे, आत्या कुणाकडे दिली, भाऊ वेगळा का राहतो, हे सगळं पोह्यांच्या बश्या बाहेर येण्याआधी निघालेलं असतं. अशा गावातल्या प्रेक्षकाला 'कार्ड दिलं आणि जावई झाला' हे पचत नाही. लेखक आळशी होता, असंच त्याला वाटतं.

तर पुन्हा बघा. लुबिचने खरं बाहेर पडायची संधी एकदा नव्हे, अनेकदा दिलीय. योझेफ दिवाणखान्यात कितीतरी वेळ ताटकळतो. त्याला जवळून बघायला, दोन गोष्टी विचारायला हवा तेवढा वेळ आहे. पण ओसी आत दासींच्या फौजेकडून आंघोळ आणि मालीश करून घेतेय. इकडे कंटाळलेला योझेफ फरशीवरची नक्षी पावलांनी गिरवत बसतो: रेषेवरून चाल, वळणावर वळ, मध्येच उडी. शब्द नाही, घटना नाही, कथा एक इंचही पुढे सरकत नाही, आणि तरी सगळ्या सिनेमातला माझा सगळ्यात आवडता तुकडा हाच आहे. एवढ्या मोठ्या घरात एका माणसाची दखल घ्यायला कुणी नाही, हे त्या फरशीवर दिसतं.

शेवटी ओसी येते, त्याला न्याहाळते. तो तिला आवडत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. तरी ती त्याला ओढत गाडीत घालते आणि पाद्र्याच्या घरी नेते. पाद्री खिडकीतूनच लग्न लावून देतो. ओसीला हवा होता राजपुत्र, आणि कार्डावर राजपुत्र लिहिलेलं होतं. समोरच्या माणसाशी तिला काही कर्तव्य नव्हतं. बाप तिच्याही वरचढ. काहीही घडो, आपल्यावर याची छाप पडत नाही, हे त्याचं पालुपद. जावई आला तरी तेच.

म्हणून मी म्हणतो की या घरात कुणी फसलेलंच नाही. फसायला आधी माणसाकडे बघावं तरी लागतं.

मग योझेफ लबाड म्हणायचा का?

नाही. तो भुकेला आहे. लग्नाच्या पंगतीत त्याच्याकडे नीट लक्ष द्या. एकेका पाहुण्यामागे वाढप्यांची रांग आहे, आणि खऱ्या आनंदाने जेवणारा माणूस एकच. युलियुस फाल्केनश्टाइन नावाच्या नटाने हे काम केलंय. लांबट, टकला, जरा गोंधळलेला. रात्री ओसी त्याला वेगळ्या खोलीत पाठवते, तेव्हा त्याचीही फारशी तक्रार नसते.

म्हणजे आपलं 'संगीत संशयकल्लोळ'च की!

बहुतेक ज्येष्ठ नाट्यप्रेमी हेच म्हणतात, आणि जवळीक आहेच. गोविंद बल्लाळ देवलांचं ते नाटक मूळ मोलिएरचं, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे मराठीत आलेलं. आधी गद्य होतं, त्याच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' होता. १९१६ मध्ये संगीत होऊन रंगभूमीवर आलं. म्हणजे या जर्मन सिनेमाच्या जेमतेम तीन वर्षं आधी.

दोन्हीकडे सगळं रामायण एका तळहाताएवढ्या वस्तूवरून घडतं. तिथे तसबीर, इथे कार्ड. पण दिशा अगदी उलटी. नाटकातल्या संशयी फाल्गुनरावाला तसबीर दिसली की तो दहा निष्कर्ष काढतो. त्याची बायको कृत्तिका त्याच्यावर अकरावा काढते. जो तो दुसऱ्यावर नजर ठेवून, दाराआडून ऐकून, पाठलाग करून नको ते शोधून काढतो. क्वेकरच्या महालात फाल्गुनराव असता तर योझेफ पाच मिनिटांत उघडा पडला असता. आपली विनोदी नाटकं अतिचौकशीवर चालतात, आणि हा सिनेमा चौकशीच्या दुष्काळावर. श्रीमंतीत माणूस संशय घ्यायचेही कष्ट घेत नाही, असा लुबिचचा टोमणा आहे.

देवलांची पात्रं मात्र मला जास्त जवळची वाटतात, हेही सांगून टाकतो. क्वेकरवर हसता येतं. फाल्गुनरावाला मात्र आपल्या जिन्यात भेटता येतं.

ओसी ओस्वाल्डा कोण? तिचं पात्राचं नावही ओसीच कसं?

त्या काळच्या विनोदी नटनट्यांच्या बाबतीत असं सर्रास व्हायचं. लोक पात्र बघायला नव्हे, तिला बघायला यायचे. जन्म १८९७ चा. तिला जर्मनीची मेरी पिकफर्ड (अमेरिकन मूकपटांची लाडकी नटी) म्हणत, पण ते कौतुक मला तिच्यावर अन्याय करणारं वाटतं. पिकफर्डची गोड, सोशिक मुलगी कुठे, आणि नवरा मिळणार या आनंदात उरलेलं घर फोडायला निघालेली ही कुठे! संसाराची तयारी म्हणून तिला बाहुलीवर बाळाची निगा राखायला शिकवतात, तो प्रसंग बघा. ते बाळ खरं नाही हे नशीब. बोलपट आल्यावर तिचं नाव मागे पडलं. १९४७ मध्ये ती प्रागमध्ये वारली. लुबिचही त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये गेला.

मूकपट म्हणजे तासभर चिडीचूप बसायचं?

मुळीच नाही. मूकपट कुठेच मुक्याने दाखवले जात नसत. युरोपात पियानो किंवा अख्खा वाद्यवृंद, आपल्याकडे पेटी आणि तबला. आमच्याकडे शेजारचे एक संगीत शिक्षक कीबोर्डवर साथ करतात. मोठ्याने हसा. तोंडाने टिप्पणी मात्र नको. मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या सगळ्यांना वाचायच्या असतात, आणि आमचं मराठी भाषांतर खाली वेगळं दिसतं.

त्या नाचाचं एवढं नाव का?

कारण तो नाच राहत नाही, साथीचा रोग होतो. पाटीवरही तसंच म्हटलंय: फॉक्सट्रॉटची साथ. आधी दालनात पाहुणे नाचतात, मग ते लोण नोकरांत, स्वयंपाकघरात, जिन्यावर पसरतं आणि शेवटी त्या महालात स्थिर उभं असं कुणी उरत नाही. वाद्यवृंदात करवत वाजते आणि एकाच्या थोबाडीत मारून ताल धरला जातो. कंबर हलवत हा गोंधळ चालवणारा पोरगेला वाद्यवृंदप्रमुख म्हणजे १८ वर्षांचा कुर्ट बॉइस. तोच पुढे 'कॅसाब्लांका'त (१९४२) खिसेकापू झाला, आणि १९८७ मध्ये विम वेंडर्सच्या बर्लिनवरच्या सिनेमात थकलेला वृद्ध होमर. जवळपास ऐंशी वर्षांची कारकीर्द, आणि तिच्या सुरुवातीच्या काळात ही कंबर.

या नाचाने गोष्ट पुढे जात नाही, अशी तक्रार होते. खरं आहे. नाही जात.

माणसं अशी टुणटुण का चालतात?

तो मूळ सिनेमाचा दोष नाही. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं पडत, तीही सारख्या वेगाने नव्हे. बोलपट आल्यावर २४ चित्रांचा दर पक्का झाला. १८ च्या वेगाने घेतलेली फिल्म २४ ने चालवली की तासाचा सिनेमा पाऊण तासात उरकतो आणि माणसं किल्लीच्या खेळण्यांसारखी पळायला लागतात. नेटवर जुन्या, निकृष्ट प्रती फिरतात, त्यांत हे दिसतं. नीट दुरुस्त केलेली प्रत मिळाली तर तीच बघा. जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने लुबिचचे हे सुरुवातीचे सिनेमे जपले आहेत.

१९१९ चा जर्मनी म्हणजे युद्ध हरलेला देश. त्यात ही चैन कुठून आली?

हा प्रश्न बहुधा एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून येतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. सिनेमा जून १९१९ चा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला व्हर्सायचा तह झाला. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, आदल्या नोव्हेंबरातच गादी सोडून गेला होता. दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी उठायची होती, अन्नाची टंचाई होती. अशा बर्लिनमध्ये पडद्यावर ती पंगत मांडली गेली. योझेफचा तो हावरेपणा थिएटरातल्या किती जणांच्या पोटाला कळला असेल!

आणि राजपुत्र? गादी गेलेले सरदार आणि राजघराणी तेव्हा बर्लिनच्या रस्त्यांवर खरोखरच होती. ऑगस्टमध्ये नवी राज्यघटना आली आणि खानदानी किताबांचा विशेष हक्क संपला. ते नुसते नावाचा भाग म्हणून लावता यायचे. म्हणजे लुबिचने जो विनोद जूनमध्ये केला, की राजपुत्र म्हणजे कार्डावरचा एक शब्द, तो दोन महिन्यांत देशाचा कायदा झाला. समोरचा खरेदीदारही नीट निवडलाय. डॉलरवाला अमेरिकन, ज्याच्याकडे सगळं आहे आणि ज्याला कशाचंच कौतुक नाही.

मुलांना आणू का?

दहा वर्षांवरच्या मुलांना जरूर आणा, तीच जास्त हसतात. दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. एक, दारू पिऊन झिंगलेली माणसं बरीच आहेत. बागेतल्या बाकांवर एकेक मित्र गळत जातो, तो प्रसंग फार मजेदार असला तरी आहे तो दारूचाच. दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. क्वेकरची श्रीमंती दाखवायला त्याच्याभोवती गणवेशातले काळे नोकर उभे केलेत. कुणी सिगार धरतो, कुणी केस विंचरतो. ते तिथे निव्वळ सामानासारखे वापरलेत. रोख मालकाच्या ऐदीपणावर असला तरी आज ते बघताना खुपतं, आणि खुपायलाच हवं. आम्ही ते कापत नाही. मुलांनी विचारलं तर उत्तर द्यायची तयारी ठेवा.

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?

योगायोग बघा: १९१९ मध्येच दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' आला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची लेक मंदाकिनी. त्याच्या दोन वर्षं आधी 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके हे एकटेच राम आणि सीता, दोन्ही होते. बर्लिनमध्ये नोकराला राजपुत्र समजणं हा विनोद होता. आपल्याकडे प्रेक्षक एकाच माणसाला राम आणि सीता मानून भक्तिभावाने हात जोडत होता. ओळखीची गल्लत आपल्याला नवी नव्हती, फक्त तिच्यावर हसायचं की तिला नमस्कार करायचा एवढाच फरक.

पुण्यात मंडईजवळ 'आर्यन' हे थिएटर १९१५ पासून होतं, त्यामुळे पुणेकरांना पडद्यावरच्या हलत्या चित्रांची सवय एव्हाना झालेली होती.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आज बघायला मिळतो, याचं श्रेय लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि ते उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्या चिकाटीला. संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर आपले बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते, आणि नाही पेटली तर डब्यात चिकट होऊन कुजते. काही जणांनी तर तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी रिळं विकली. तेव्हा लुबिचचे सिनेमे वाचले आणि आपले का नाहीत, असं कुणी चिडून विचारलं, तर चिडणं योग्यच आहे.

आमच्या सोसायटीत दाखवायचा असेल तर परवानगी लागते?

भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्या हिशेबाने हा सिनेमा केव्हाच मोकळा झाला. पण नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरचं संगीत आणि नवी भाषांतरं नंतरची असतात, त्यांचा हक्क वेगळा. आम्ही म्हणूनच आवाज बंद ठेवून स्वतःची साथ करतो. तिकीट लावणार असाल तर प्रत देणाऱ्याशी आधी लेखी बोलून घ्या.

शेवट नीट कळला नाही. शेवटी ओसीचं लग्न कुणाशी झालं? (पाहिला नसेल तर हे उत्तर सोडा.)

नुकीशी. आणि तेही पहिल्याच दिवशी.

लग्नाच्या रात्री खरा नुकी मित्रांबरोबर ढोसत होता. सकाळी तो झिंगलेल्या अवस्थेत दारूबंदीचं काम करणाऱ्या अब्जाधीश मुलींच्या क्लबात येऊन पडतो. ओसी त्याच क्लबची सभासद. या देखण्या रुग्णावर उपचार कुणी करायचा, यावरून मुली चक्क बॉक्सिंग खेळतात, ओसी जिंकते, आणि दोघं प्रेमात पडतात. मग रडारड: आता काय उपयोग, माझं तर लग्न झालंय. इतक्यात योझेफ येतो आणि पोट धरून हसतो. लग्नाला उभा तो राहिला असला तरी ते नुकीच्या नावावर लागलंय. म्हणजे ही दोघं आधीच नवरा-बायको आहेत.

काही जणांना हे फसवं वाटतं. मला ही संपूर्ण सिनेमातली सर्वांत चोख चाल वाटते. लग्न कार्डाशी लागलं होतं, माणूस फक्त दुसऱ्या दिवशी पोहोचला. कायद्याच्या नजरेने ते कितपत टिकेल, हा वेगळा भाग. आमच्याकडे नियमित येणारे एक निवृत्त वकील त्यावर दर वेळी तेवढ्याच पोटतिडकीने बोलतात.

शेवटी क्वेकर किल्लीच्या भोकातून आत डोकावतो आणि पहिल्यांदाच म्हणतो की याची मात्र छाप पडली. सबंध सिनेमात त्याने स्वतःहून कुणाकडे नीट बघितलं असेल तर ते एवढंच, आणि तेही जिथे बघायला नको तिथे.

हा आवडला. पुढे काय बघू?

त्याच वर्षीचा, त्याच जोडीचा 'डी पुप्पे'. त्यात बाहुल्या बनवणाऱ्याची मुलगी यंत्राची बाहुली बनून बायकांना घाबरणाऱ्या तरुणाशी लग्न करते, आणि त्याला पत्ता नसतो. त्याआधीचा १९१८ चा 'इख म्योख्टे काइन मान झाइन' हाही ओसीचाच. ती पुरुषी वेशात रात्री गावभर हिंडते आणि तिचा कडक पालकच तिला ओळखत नाही. नंतरच्या लुबिचमधलं हवं असेल तर १९४० चा, बुडापेस्टच्या दुकानात घडणारा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' बघा: एकमेकांशी भांडणारे दोन नोकर, आणि दोघांनाही माहीत नाही की ते ज्यांना पत्रं लिहितात ती व्यक्ती शेजारच्याच टेबलावर आहे. तो बोलपट आहे, पण सगळा भार तसाच न ओळखण्यावर.

आमच्याकडे पुढचा 'डी पुप्पे'च लावायचा विचार आहे. त्याच्या सुरुवातीला लुबिच स्वतः पडद्यावर येऊन खेळण्यातलं घर आणि झाडं मांडतो, तेव्हा वेळेवर या. दिवे गेल्यावर खुर्ची शोधणाऱ्यांची सावली थेट पडद्यावर पडते.